आडवा पडलेला मोर्चा

१४ जानेवारी
सकाळी नामांतर दिनासाठी विद्यापीठाच्या गेटवर जाऊन आले. दादांशिवाय, माझ्या वडिलांशिवाय, पहिल्यांदाच.

दुपारी त्यांनी नामांतराच्या मोर्चात काढलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडले. शहागंजातून स्कॅन करून आणले, तर जवळजवळ सगळे आडवे. दादा कॅमेरा कायम उभाच धरायचे. म्हणायचे, "लई लांबून चालत आलेत लोक. पाय आले पाहिजेत." मला ती आडवी माणसं बघवेनात. महिन्यापूर्वी दादांना तसंच पाहिलं होतं.

आमच्या कंपनीत कॉम्प्युटर बघणाऱ्या शेखबाईंना फोन केला. "एकेक कायकू घुमाते ताई? मैं भेजती वो लाईन डालो, सब खडे हो जाते." काळ्या खिडकीत कमांडची ती एक ओळ टाकली आणि अख्खा मोर्चा उभा राहिला. बाईंचे किती उपकार मानू.

एकच फोटो उलट आडवा झाला, नेमका दादांचा. तो दुसऱ्या कुणी कॅमेरा आडवा धरून काढलेला, मुळात सरळच होता. आधी बघायला नको होतं का मी? ओळीत त्या एकाच फोटोचं नाव आणि उलटी दिशा घालून परत फिरवला. दादा उभे राहिले. हसताहेत. पाय मात्र आलेले नाहीत.

दाराबाहेरच्या त्यांच्या चपला आत आणल्या, पुसून ठेवल्या.