निळे चौकोन आणि माझा गुडघा

४ जून
नात आली! दिवसभर नाचले मी. मनातल्या मनात, कंबर कुठे ऐकते आता. एवढी शिकली, मोठ्या हापिसात लागली, आणि करते काय — कॉम्प्युटरवर पाणी ओतते! खाडीचा नकाशा, त्याचे बारीक बारीक चौकोन, आणि या चौकोनातून त्या चौकोनात किती पाणी सरकेल त्याचा हिशेब. म्हटलं, बादलीभर पाणी दारात ओत, आपोआप कळेल कुठे जातं ते. हसली. गालाला अजून खळी पडते पोरीच्या.

९ जून
गेल्या वर्षी तिच्या हापिसानं गल्लीला सांगितलं होतं, पाणी येणार, सामान वर न्या. सगळ्यांनी नेलं. पाणी पहिल्या पायरीला शिवलं आणि परत गेलं. नकाशात आमची गल्ली निळी होते, म्हणून मी तिचं नाव ठेवलं निळीबाई. समोरच्या शिंप्यानं ते उचललं, गल्ली अजून पोट धरून हसते.
नात म्हणते, शंभरात तीस वेळा येईल, एवढंच सांगितलं होतं आम्ही. म्हणजे सत्तर वेळा येणार नाही! मग सांगायचं कशाला? धाकटा जावईही असंच सांगतो — जमलं तर येईन. त्याच्यावरून आठवलं, माझी छत्री अजून त्याच्याकडेच आहे.

१५ जून
तिला चिडवायला म्हटलं, तुझा बाप तान्हा होता तेव्हाचा पूर दाखव बघू. तिनं त्या दिवसाची भरती, वारा, धरणातून सोडलेलं पाणी, सगळं आत घातलं. मी शेंगा सोलत बसले. निळा रंग सरकत सरकत आमच्या घराच्या चौकोनात शिरला आणि थांबला. किती गं पाणी, म्हटलं. "तुझ्या मांडीला लागेल एवढं."
मांडीलाच लागलं होतं. मी तिच्या बापाला डोक्यावर धरून उभी होते.
तिला सांगितलं नाही. शेफारेल.

२ जुलै
शिंप्याची आई अंथरुणाला खिळलेली, तळमजल्यावर. नवीन मशीनही त्यानं तिथंच मांडलंय. शहाणा!

११ जुलै
सकाळीच नातीचा फोन. आवाज कोरडा. उद्या दुपारी उधाणाची भरती आणि नदीचा लोंढा खाडीच्या तोंडाशी एकाच वेळी येणार. नदीला बाहेर पडायला वाट नाही, मागे फिरणार ती. या खेपेला शंभरात नव्वद.
हापिसाची गाडी भोंगा वाजवत फिरली. गल्ली हसली. शिंपी मला म्हणाला, "निळीबाईला सांगा, पायरी पुसून ठेवलीय." आत त्याची आई खोकत होती. माझंच नाव, माझीच थट्टा — आता अंगाशी आली.
आता याला चौकोन सांगून काय उपयोग? मी त्याच्या ओट्यावर बसले, गुडघा धरला आणि कण्हले. म्हटलं, त्या मोठ्या पुराआधी अस्साच ठणकला होता बाबा.
शिंप्याचं तोंड उतरलं. "अहो आजी, मग आधी नाही का सांगायचं!"
अंधार पडायच्या आत त्याची आई वर, मशीन वर, अख्खी गल्ली वर. एवढ्या शिकलेल्या पोरीवर विश्वास नाही, म्हातारीच्या गुडघ्याच्या वाटीवर आहे. धन्य आहे यांची!

१३ जुलै
काल पाणी कमरेपर्यंत चढलं. शिंप्याच्या आईची रिकामी खाट तरंगत खिडकीत जाऊन अडकली. माणूस एकही गेलं नाही.
लोक येतात आणि माझ्या गुडघ्याची चौकशी करून जातात. शिंप्यानं तर तेलाची बाटली आणून दिली. मूर्ख मेला! नात माझ्या घरातला चिखल खरवडत होती. तिला म्हटलं, मी आज सगळ्यांना खरं काय ते सांगते.
"नको आजी. आता ऐकतायत ना? ऐकू दे की."
"आणि तुझं नाव गं?"
"निळीबाई. चांगलं आहे."

२९ जुलै
नातीचा फोन आला. उद्या सकाळपासून माझा गुडघा दुखणार आहे. शंभरात चाळीस — म्हणजे नुसतं लंगडायचं. कण्हायचं नाही.