उरलेल्या गोळ्या

२ मार्च
अखेर लेकीचा औषधाच्या चाचणीत नंबर लागला. वजन जास्त असलेल्या मुलांसाठी नवी गोळी आलीय, ती सुरक्षित आहे का हे हॉस्पिटलवाले बघणार. निम्म्या मुलांना खरी गोळी, निम्म्यांना नुसत्या पिठाची. कुणाला कुठली, हे डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही म्हणे. मला चार दिवसांत कळेल. गोदामात बावीस वर्षं स्टॉक मोजतोय, नजर तयार आहे.
पोर खूश, पहिली गोळी आजच घेतली. चाचणीतल्या मुलांना दर शनिवारी चालायला नेतात, तिथे तिला कुणी चिडवणार नाही. शाळेत फार चिडवतात.

५ मार्च, सकाळी ७
बाटली साठ गोळ्यांची. रोज एक, चार आठवडे. म्हणजे बत्तीस जास्तीच्या! उगाच पडून राहणार. बापाने आधी स्वतःवर प्रयोग करावा, हे कर्तव्यच आहे. रोज एक घेणार. पहिली घेतली, कपाटाच्या दाराआड. शास्त्राला शांतता लागते.
७.२० : जीभ कडू. पायाला मुंग्या. गोळी खरीच!

९ मार्च
भूक पार मेली. दिवसभरात फक्त दोन जेवणं, दोन सँडविच, एक केळं आणि बिस्किटांचा पुडा. पुडा लहान होता.
हॉस्पिटलने वही दिलीय, रोज जे जे घडेल ते त्यात लिहायचं. बायको म्हणाली, जरा बघा भरते का ती. लेक म्हणाली, बाबांनी लुडबुड करायची नाही. असो. अकरा वर्षांची पोर, लिहून लिहून काय लिहिणार?

१४ मार्च
पँटचं बटण उडालं. हल्ली शिलाईत दम म्हणून राहिला नाही.

१८ मार्च
गोदामात अकरा बल्ब कमी. सहकारी म्हणाला, जास्तीचेच होते, कोण मोजतंय? असा झापला त्याला! म्हटलं, मोजणारा मोजतोच. काय एकेक माणसं असतात.

२३ मार्च
लेक चार जिने न थांबता चढली! डोळे भरून आले. मी दुसऱ्या मजल्यावरून बघत होतो. मला धाप लागली होती. औषधाचा परिणाम, नोंद केली.

३० मार्च
हॉस्पिटल. नर्सने बाटली ट्रेमध्ये उपडी केली आणि चक्क मोजायला लागली. बत्तीस हव्या होत्या, सात निघाल्या. तिला वाटलं, पोरीनेच जास्तीच्या खाल्ल्या. डॉक्टरीणबाई धावत आल्या. रक्त काढलं. म्हणाल्या, सुरक्षेचा प्रश्न आहे, हिला थांबवावं लागेल, शनिवारचं चालणंसुद्धा बंद. लेकीला रडू फुटलं.
मी खरं सांगणारच होतो. पण तोंडातून निघालं, कंपनीनेच कमी भरल्या असतील.
लेकीने डोळे पुसले आणि वही पुढे केली. ‘इतर काही’ या रकान्यात पंचवीस दिवस एकच ओळ : बाबांनी कपाटाआड माझी गोळी खाल्ली, मग सँडविच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, लिहिलं होतं की, कुणी वाचलंच नाही.
नियमाप्रमाणे, तिची गोळी कुठली ते लिहिलेलं बंद पाकीट फोडलं. गोळी पिठाची.
मुंग्या, धाप, मेलेली भूक, सगळी पिठाची. मला काट्यावर उभं केलं. नेहमीपेक्षा तीन किलो जास्त. काटा बिघडलेला असावा. लेकीचं नाव चाचणीतून कमी झालं. वही इतकी चोख भरली म्हणून शनिवारचं चालणं मात्र कायम राहिलं. हुश्श. लाज वाटली, खरंच वाटली.

४ एप्रिल, शनिवार
चालण्याच्या यादीत माझंही नाव घातलंय. माझी वही लेक भरते. आजची नोंद तिने सगळ्या मुलांपुढे वाचली : बाबा दुसऱ्या वळणावर बसले, कारण सांगितलं बुटाचं. मग तिने माझ्या खिशातला पुडा मागून घेतला आणि बिस्किटं मोजली. तीन कमी निघाली.