तिसऱ्या कुलपाची किल्ली

कळंब, रविवार

आदरणीय विमलताई,

प्रभावतीचा सप्रेम जयभीम. तुमचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावता, की कपाटात ठेवून नुसती बाटली बघता? भाऊजींचा खोकला कमी झाला असेल, नसेल तर सुपारी बंद करा, म्हणजे होईल. इकडे आम्ही बऱ्या आहोत. (आम्ही म्हणजे मी. तुमचे भाऊ गेल्यापासून घरात एकटीच आहे, पण पत्रात 'आम्ही' लिहायची सवय काही जात नाही.)

आता भांडायला सुरुवात करते. तुम्ही तुमचे चिरंजीव धम्मरत्न यांना माझ्याकडे धाडलं आणि फोनवर सांगितलं की, पोराने असं काही शोधलंय की यापुढे जगातला कोणताही चोर कोणाच्या संगणकात शिरू शकणार नाही, फक्त थोडं भांडवल हवं, आणि वहिनी, तुमच्या बचत गटाचे पैसे तसेही पडून आहेत. ताई, ते पैसे पडून नाहीत. इथल्या बायका आपली तूर स्वस्तात विकतात आणि तिचीच डाळ महागात विकत आणतात, म्हणून गटाने स्वतःची डाळमिल घ्यायची ठरवली आहे. त्यासाठी एकेकीने चहातली साखर वाचवून ती पेटी भरली आहे. पण भाचा म्हटल्यावर ऐकून घेणं भाग होतं, म्हणून मी विहाराच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं.

त्याने पडद्यावर सिनेमा दाखवला. त्यात निळ्या उजेडात कुलपं गरगर फिरत होती आणि मागे कोणीतरी इंग्रजीत खर्जातून बोलत होतं. (मी नन्सच्या शाळेत शिकले, ते इंग्रजी मला कळलं. अर्थ काही नव्हता, आवाज चांगला होता.) शोधाचं नाव 'महावज्र'. धम्मरत्न म्हणाला, सगळ्यात मोठ्या संगणकालाही हे तोडायला सूर्य विझेपर्यंत वेळ लागेल. तेव्हा तांड्यावरची बसंतीबाई मागून म्हणाली, "थोवरी कोन थांबते बापू? आमाले त औंदाच डाळमिल पायजे."

मी दोनच प्रश्न विचारले. पहिला, हे चालतं कसं? तो म्हणाला, "मामी, ते गुपित आहे. सांगितलं तर कोणीही तोडेल." मी म्हटलं, लेकरा, माझ्या दाराचं कुलूप कसं चालतं हे गावातल्या प्रत्येक लोहाराला माहीत आहे, तरी किल्लीवाचून त्याच्या बापाला ते उघडत नाही. तुझं कुलूप केवळ तू गप्प आहेस म्हणून बंद राहत असेल, तर कुलूप तू आहेस, आणि तुला तर दोन कप चहात बोलतं करता येतं. दुसरा प्रश्न, हे तोडून कोणी बघितलं? तो छाती काढून म्हणाला, "मी स्वतः! वर्षभर प्रयत्न केला, तुटलं नाही." ताई, आमच्या सिस्टर बेनेडिक्टा गणिताच्या पायऱ्या दाखवल्या नाहीत तर बरोबर उत्तरालाही भोपळा द्यायच्या, आणि स्वतःचा पेपर स्वतः तपासू देणं तर त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तुमच्या मुलाने दोन्ही पापं एका दमात केली.

पण पोरगा चिवट. तेव्हा मी त्याला आमच्या गटाची पेटी दाखवली. तिला तीन कुलपं आहेत आणि तीन किल्ल्या तिघींकडे, एक बसंतीबाईकडे, एक दीपमालाकडे, एक माझ्याकडे. आता बसंतीबाई आणि दीपमाला एकमेकींशी बोलत नाहीत. बसंतीबाईच्या मुलीच्या लग्नाला दीपमाला गेली नाही तेव्हापासून त्या बैठकीला येतात, आपापलं कुलूप उघडतात आणि पाठीला पाठ लावून बसतात. मी हे बघूनच किल्ल्या त्यांना दिल्या. ज्या दोघी एकमेकींकडे मिरचीही मागणार नाहीत त्या मिळून पेटी काय लुटणार? आणि तिसरी मी. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी काढली, अर्ध्या जिल्ह्याची लफडी, सोयरिकी आणि शिव्या माझ्या कानातून गेल्या, तोंडातून एक गेली नाही. मी धम्मरत्नला म्हटलं, याला म्हणतात सुरक्षा, हिला वीजही लागत नाही. आम्हा तिघींचं एकमत करून दाखव आणि पैसे घेऊन जा.

हे बोलताना मला फार मजा वाटली. तीच नडली.

दुसऱ्या दिवसापासून तो तुमच्या भावाची सायकल घेऊन तांड्यावर जायला लागला. मला वाटलं, लॅपटॉप उघडून त्यांना निळी कुलपं दाखवत असेल. तो लॅपटॉप घरीच होता. तो बसंतीबाईच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, मग परतताना गावात दीपमालाच्या अंगणात बसून चहा प्यायचा, आणि दोघींकडे एकच गोष्ट विचारायचा, की झालं काय होतं? दीपमाला म्हणाली, "मले निरोपच नाही. मी काय बिनबोलावल्या जेवाले जातो?" बसंतीबाई म्हणाली, "काहून नाही? म्या सोता भावसिंगच्या हाती निरोप धाडला!" भावसिंग हा तिचा दीर. आजवर त्याला कोणी विचारलंच नव्हतं. धम्मरत्नने विचारलं. भावसिंगने डोकं खाजवलं आणि सांगितलं की निरोप घेऊन निघालो होतो खरा, पण वाटेत राळेगावची एसटी दिसली, तिकडे एक बैल बघायचा होता, मग बैलाच्या नादात निरोप राहिला, आणि नंतर एवढं भांडण पेटलं की सांगायची हिंमत झाली नाही. धम्मरत्न मला म्हणाला, "मामी, आमच्या शास्त्रात याला 'मधला माणूस' म्हणतात. दोन्ही टोकं पक्की असतात, घात मध्ये होतो." ताई, त्या मुलाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं शहाणपण.

पुढच्या बैठकीला दोघी एका ऑटोतून उतरल्या. दीपमालाच्या हातात बसंतीबाईची पिशवी! दोन कुलपं खट खट उघडली. बसंतीबाई म्हणाली, "पोट्टं गुणाचं हाय, देऊन टाकू पैसे." दीपमाला म्हणाली, "बाई म्हन्ते थे बरोबर हाय." न तुटणारं कुलूप विकायला आलेल्या माणसाने आमची न तुटणारी पेटी दोन तृतीयांश तोडली होती, आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी पर्समध्ये हात घातला, तसाच बाहेर काढला आणि उभी राहिले. म्हटलं, माझं कुलूप उघडणार नाही. आधी या मुलाने आपल्या गणिताच्या पायऱ्या जगाला दाखवाव्यात आणि परक्या लोकांनी पेपर तपासावा. पास झाला तर पेटी त्याची. बसंतीबाई म्हणाली, "मॅडम, लयच खडूस हो तुमी." पण टाळ्या पडल्या.

धम्मरत्नने चिडून त्याच रात्री सगळं इंटरनेटवर उघडं करून ठेवलं. आठवडाही लागला नाही. कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका विद्यार्थिनीने 'महावज्र' फोडलं आणि कुठे फटी आहेत ते नम्रपणे कळवलं, वर शुभेच्छाही दिल्या. तो दिवसभर गच्चीवर बसून होता. मी काही बोलले नाही. (खरंच नाही. तुम्हाला पटणार नाही, पण नाही.) संध्याकाळी खाली आला, भाकरी आणि झुणका पोटभर जेवला आणि म्हणाला, "मामी, तुम्ही किल्ली दिली असती तर बायकांची डाळमिल गेली असती." तेव्हा मला तो पहिल्यांदा तुमच्या भावासारखा दिसला.

मी त्याला म्हटलं, अरे, कुलूप करणं हा तुझा धंदाच नव्हे. कुलूप कुठून उघडतं हे तुला कळतं. मालकाला विचारून कुलपं तोडत जा आणि भोक कुठे आहे ते सांगून पोटभर मजुरी घे. यवतमाळच्या एका पतसंस्थेने त्याला असं काम दिलं आहे. राळेगावकडचे बचत गटही बोलावतात. तिथे तो बँकेचा साहेब बनून बायकांना फोन करतो आणि कोण फसतं ते बघून शिकवतो. (मलाही केला होता. मी जन्मतारीख सांगितली, पुढचं काही सांगितलं नाही. तो विषय नको.) ताई, पोराचं चांगलं होईल. मी सहसा असं म्हणत नाही, म्हणून पत्रात लिहून देते.

तुमची रागावलेली वहिनी,
प्रभावती

ता. क. पुढच्या बैठकीत डाळमिलची आगाऊ रक्कम द्यायची आहे. त्यासाठी तिन्ही कुलपं उघडावी लागतील. तुमचे भाऊ असताना मी नियम मोडून माझ्या कुलपाची दुसरी किल्ली तुमच्याकडे ठेवली होती, ती ताबडतोब पाठवा. फडक्यात शिवून धम्मरत्नच्या हाती द्या, आत काय आहे ते सांगू नका. भावसिंगसारख्या कोणाच्या हाती नको.

ता. क. २. लपवून काय करू? ते भाषण ठरलेलं नव्हतं. धम्मरत्न घरी आला त्याच दिवशी, हा पोरगा कुलपांचा आहे म्हणून, मी किल्ली अशा जागी ठेवली की कोणालाच सापडू नये. बैठकीत पर्समध्ये हात घातल्यावर आठवलं की ती पर्समध्ये नाही, आणि कुठे आहे ते अजून आठवत नाही. गटातल्या बायका मला आता फार तत्त्वाची समजतात. तसंच राहू द्या.

ता. क. ३. हे पत्र धम्मरत्नच घेऊन येत आहे. पाकीट खळीने चिकटवलं आहे आणि वरच्या घडीवर आडवी सही केली आहे, सिस्टर पेपरांच्या पाकिटावर करायच्या तशी. सही तुटलेली दिसली तर मला कळवा.

आई, मामीची सही शाबूत आहे. त्यांनी वरची घडी चिकटवली, खालची कारखान्यातून आली तशीच होती, मी तिथून उघडलं. किल्ली तुरीच्या डाळीच्या डब्यात आहे, तळाशी. त्या लपवत होत्या तेव्हा मी ओट्याखाली गॅसची नळी बघत होतो. त्या शोधताहेत हे आत्ता वाचून कळलं. तू फोन करून सांग की तुला अंदाज आला. मी सांगितलं तर त्या पाकिटाच्या खालच्या घडीलाही खळ लावायला लागतील. – धम्मा