ट्रेलरमधली पापडवाली

ती. सौ. सुनंदाताईस,

मुलुंडहून सुगंधाचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण हल्ली कणकवलीच्या घरात सगळं त्याच्याच मर्जीने चालतं असं ऐकते. आईचा ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? इकडे आम्ही खुशाल, म्हणजे हे खुशाल आहेत आणि मी संतापलेली आहे. (फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि आज मला कोणीही मध्ये बोललेलं खपणार नाही.)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर शूटिंग झालं, ते तुला माहीत आहेच. हिरो गुंडांपासून पळत होता. पळो बापडा, पण पळता पळता तो माझ्या वाळत घातलेल्या तांदळाच्या पापडांवरून गेला. मी लाटणं घेऊनच धावले आणि "रे मेल्या, पापड दिसनत नाय तुका?" इथपासून त्याच्या सात पिढ्यांपर्यंत पोचले. कॅमेरा चालू होता हे मागाहून कळलं. डायरेक्टर खूश! (हिरो तेवढा नाही.) माझी सही घेतली, आणि ट्रेलरमध्ये हिरोपेक्षा मीच मोठी दिसले. तेव्हापासून भाजीवाला मला मेथी निवडून देतो. खरं सांगू, ते बोल माझे नव्हतेच. अंगणात पापडांवर नाचणाऱ्या कोंबड्यांना आई जे ऐकवायची तेच तोंडातून आलं. तिने वाडीभर सांगून ठेवलंय आणि नवं लुगडंही काढून ठेवलंय म्हणे. मोबाइलवर तिला मी मुंगीएवढी दिसते. तिने मला मोठ्या पडद्यावर बघावं, एवढीच माझी इच्छा आहे.

तर परवा अंधेरीला काम केलेल्यांसाठी खास शो होता. शेजारच्या उत्तराला घेऊन गेले. हिरो पळाला, जिना चढला, गच्चीचं दार उघडलं आणि एकदम पलीकडच्या गल्लीत! पापड नाहीत, मी नाही. "वहिनी, इंटरव्हलनंतर असेल ना तुमचं," उत्तरा म्हणाली. इंटरव्हलनंतरही मेला हिरोच पळत होता.

दुसऱ्या दिवशी मी थेट एडिटरच्या ऑफिसात. (वॉचमनने अडवलं नाही. "अरे, पापडवाली आंटी!" म्हणून सलाम ठोकला.) एडिटर मिहिर आपल्या मुलांच्या वयाचा. ट्रेलरमध्ये आहे ते पिक्चरमध्ये का नाही, असं मी विचारलं. पानात मोदक दाखवून वाढताना आमटी वाढायची, ही कुठली रीत? तो म्हणाला, "काकू, ट्रेलर दुसरेच लोक बनवतात, पिक्चर कापून व्हायच्या कितीतरी आधी. त्यांना गर्दी खेचायची असते, जे झकास दिसेल ते उचलतात." मग मला कापलं का? त्याने मान खाली घालून कारण सांगितलं. माझ्या सीननंतर लगेच हिरोची आई गेल्याची बातमी येते. चार लोकांना पिक्चर दाखवून बघितला, तर हिरो रडतोय आणि लोक अजून माझ्यावरच हसतायत. मी म्हटलं, "मग तिला काप ना! पहिल्या सीनपासून मरतेच आहे ती." त्यावर कळलं, ती प्रोड्यूसरची मावशी आहे.

तेव्हा माझं ठरलंय. माझे पापड परत येईपर्यंत मी रोज त्या ऑफिसच्या सोफ्यावर जाऊन बसणार, थर्मासात चहा घेऊन. हे म्हणतात, सोड ना. मी सोडणार नाही, ह्यांनी वाटल्यास स्वतःचा डबा स्वतः भरावा.

आईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
सुगंधा

ता.क. — पाकीट चिकटवायच्या आधी हे माझी पत्रं वाचतात, म्हणून एवढं त्यांचं वाचून झाल्यावर लिहितेय. सोफ्याचं काही खरं नाही. पिक्चर आता बदलणार नाही, असं मिहिरने हात जोडून सांगितलं. मला त्याच्यासमोरच रडू आलं गं.

आणखी ता.क. — तर एक कर. आमचा पिक्चर लागायला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर थिएटरात दुसऱ्या पिक्चरच्या आधी आमचा ट्रेलर दाखवतात. (मिहिरने तुमच्या थिएटरला फोन लावून खात्री करून दिली, पोरगा वाईट नाही.) या रविवारी आईला रिक्षाने ने, वेळेआधी बसव, आणि माझं झालं की लगेच उठवून घरी आण. "एवढोच पिक्चर?" असं तिने विचारलं तर सांग, सुगंधाचं काम झालं की मुंबईची माणसंसुद्धा उठून घरी जातात.