शांत सूर्य, हलती रेघ

३ मार्च
अखेर रुजू झालो! वेधशाळा टेकडीवर, भोवती नुसता माळ. चुंबकघर लाकडी, खिळेसुद्धा तांब्याचे; आत लोखंडाचा कणही चालत नाही. तिथल्या यंत्राला पृथ्वीच्या चुंबकत्वातला बारीकसारीक बदल कळतो आणि ऑफिसातल्या पडद्यावर रेघ उमटते. सूर्य चढला की ती हळूच कलते, उतरला की जागेवर येते. सूर्यावर वादळ झालं की मात्र तिच्या अंगात येतं.
जेवण शेजारच्या वहिनींकडे. त्यांचे यजमान माझ्याआधी याच खुर्चीवर होते. गेल्या सौरवादळात चुंबकघराकडे म्हणून निघाले ते परतलेच नाहीत.

९ मार्च
सूर्य शांत, एकही डाग नाही. तरी भर दुपारी रेघेला टेंगूळ आलं. गाडी गेली असेल म्हणून पाहिलं, तर माळावर चिटपाखरू नाही. मुख्यालयातल्या साहेबांना फोन केला. ते हसले, म्हणाले, नव्या माणसाला सगळंच दिसतं.

१२ मार्च
टेंगूळ रोज येतं, रोज मोठं होतं. लोखंड यंत्राजवळ सरकलं की असंच दिसतं. वहिनींना सहज बोललो, तर त्यांनी वाढता वाढता पळी खाली ठेवली. जुन्या अपघातानंतर ह्यांच्या मांडीत लोखंडी सळई बसवली होती, म्हणाल्या. त्यामुळे चुंबकघरात जायची बंदी. वादळात रेघ बिथरलेली असते, कुणाला काय कळणार, म्हणून त्या दिवशी गेले. मग हळूच विचारलं, ‘‘भाऊजी, ते आले तर दार उघडाल ना?’’

१८ मार्च
सूर्यावर स्फोट झाला होता, आज वादळ पोचलं. रेघ सैरावैरा. यात ते टेंगूळ कुठे आहे, कळेना. वहिनी बांगड्या-पिना उतरवून चुंबकघराकडे धावल्या. मी पोचेपर्यंत दार आतून बंद.

१९ मार्च
वादळ ओसरलं. बाकी वेधशाळांच्या रेघा जागेवर. आमचीच वर अडकलेली — आत लोखंड आहे. दार हलत नाही. आत वहिनी हसतायत. मध्येच थांबतात, कुणाचं ऐकल्यासारख्या. साहेब म्हणाले, माणसं संध्याकाळी पोचतील.

दुपार
हसणं थांबलं. रेघ खाली येतेय — अगदी जागेवर — म्हणजे ते चुंबकघरातून निघालंय.
खिडकीतून दिसतंय. दार सताड उघडं. वहिनी चालतायत, एकट्याच. शेजारचं गवत दबतंय — एक पाय ओढल्यासारखं —
दाराशी वहिनी. भाऊजी उघडा, ह्यांना त्यांची खुर्ची हवीय, म्हणतायत.
मी कडी घातलीय. लोखंडाची आहे. ती आपली आपण —