सेंटर पाहून येऊ

१९ फेब्रुवारी २००३

आजही नाही. एक शब्द नाही!

बाबांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या राधिका मॅडमनी चित्रांचे पत्ते समोर धरले. गाय, कुलूप, वांगं. "बाबूजी, ये क्या है?" बाबा पत्त्याकडे पाहतात, मग माझ्याकडे. मी शेजारून, "बोलिए ना बाबा, बैंगन!" ते मान खाली घालतात. डिसेंबरात रेल्वे वर्कशॉपमध्ये वॅगनखाली काम करता करता लकवा मारला. पाय आता बरा आहे, काठी घेऊन चालतात. उजवा हात अर्धा. बोलणं मात्र गेलं ते गेलंच.

आई बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती. शंकर नगरातलं चकचकीत सेंटर, छत्तीसगढातली शहरी माणसं, सगळे हिंदीत बोलणारे. आईला तिथे अवघडल्यासारखं होतं. खरं सांगायचं तर ती आत असली की मलाही होतं. म्हणून मीच म्हटलं, तू बाहेरच बस.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "शायद समझने पर भी असर है. उम्मीद छोटी रखो, चेतना, पर रखो." रागावत नाहीत, घाई करत नाहीत. अशी माणसं भेटतात हेच नशीब.

२१ फेब्रुवारी

बूढ़ापाऱ्याच्या कोचिंगमध्ये डुलकी लागली. सर म्हणाले, "डॉक्टर साहिबा, मरीज इंतजार कर रहे हैं!" सगळा वर्ग हसला. जूनमध्ये पीएमटी, मेडिकलची प्रवेशपरीक्षा. दोनदा हुकली, ही शेवटची. बाबांच्या तोंडून मी आठवीपासून डॉक्टर आहे. पोट्टी कुठे गेली असं ते कधी विचारत नसत — "आमची डॉक्टर कुठी गेली?"

कधी ऐकायला मिळेल पुन्हा?

२ मार्च

अनंतराव काका आले. बाबांच्याच वर्कशॉपमधले, तिथलेच फिटर. दारातूनच ओरडले, "जयभीम, भैय्यालालभाऊ!" आणि बाबा — "जयभीम." स्वच्छ! काका तिथेच मटकन बसले. आई पदराने डोळे पुसू लागली.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, छान आहे, पण हुरळून जाऊ नका. नमस्कार, गिनती, प्रार्थना जुन्या सवयीने तोंडून निघतात. मनातलं सांगणं वेगळं.

तरी मी आज खूश आहे.

९ मार्च

हे नीट लिहून ठेवते.

सकाळी मी ओट्याजवळ केमिस्ट्री वाचत होते. आई विळीवर. तिने बाबांना विचारलं, "अहो, वांगं करू का भेंडी?"

"वां... गं."

"बरं," म्हणाली आणि चिरायला लागली!

माझं पुस्तक खाली पडलं. "मम्मी! बाबा बोले!"

"त रोजच बोलते थोडंथोडं. त्यात काय?"

"रोज? तूने बताया क्यों नहीं?"

"मले कोनं पुसलं?" आई म्हणाली. "तू त मले बाहेर बसवतं!"

मी पुस्तक उचलून ओट्यावर ठेवलं. आम्ही भावंडं घरात हिंदीतच बोलतो. बाबांचाच हुकूम होता. "हिंदीत बोल वं पोट्टी, पेपर हिंदीत येते!" मराठी लिहायला मी विहारातल्या रविवारच्या वर्गात शिकले, ती या पानांपुरतीच. आणि ज्या भाषेत बाबांनी माझ्याकडून मार्क मिळवून घेतले, त्याच भाषेत गेले दोन महिने मी त्यांची परीक्षा घेत होते.

११ मार्च

आई आत! नवं लुगडं नेसून आली होती. खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. मॅडमनी वांग्याचा पत्ता तिच्या हातात दिला. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पत्ता बाबांच्या नाकापाशी नेला. "हे काय व्हय? सांगा बरं. आन् काल जास्त तिखट झालतं का, थे बी सांगा."

"वांगं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने — "ति... खट."

मॅडम टाळ्या वाजवून हसल्या! "आज से क्लास मम्मी लेंगी." मग गंभीर झाल्या. "गलती मेरी है. मुझे पहले दिन पूछना था, घर में कौन सी बोली चलती है. चेतना फर्राटे से हिंदी बोल रही थी, मैंने मान लिया." मोठ्या पदवीची बाई, आमच्यासमोर असं सहज बोलली. मग आईला विचारून एकेका पत्त्यामागे मराठी शब्द लिहून घेतले.

निघताना मी विचारलं, तुमच्या या शिक्षणाला काय म्हणतात? बारावीत बायो घेतलं तेव्हा मला दोनच दारं माहीत होती — डॉक्टर, नाहीतर नर्स. हे तिसरं कुणी दाखवलंच नव्हतं. नागपूरला कॉलेज आहे म्हणे.

२३ मार्च

उद्या बी.एस्सी. फायनलचा पहिला पेपर. आमच्या घरात कुणी इथवर आलेलं नाही.

आदल्या दिवशी परीक्षेचं सेंटर पाहून यायचं, हा बाबांचा दहावीपासूनचा नियम. सोबत यायचे. पाण्याचा नळ कुठे, दुपारी ऊन कोणत्या खिडकीला, सगळं चौकीदाराला विचारून घ्यायचे. पेपरच्या दिवशी डोक्याला दुसरा ताप नको! यंदा मी म्हटलं, मी एकटी जाते. तर बाबा डाव्या हाताने चप्पल ओढत दारात उभे. रिक्षाने गेलो. चौकीदाराला काही विचारता येईना, म्हणून स्वतःच काठी टेकत नळापर्यंत गेले आणि तोटी फिरवून पाहिली. पाणी आलं. माझ्याकडे वळून मान हलवली.

पेपर कसाही जावो.

१४ एप्रिल

जयंती. बाबा विहारापर्यंत चालत गेले. खीर दोनदा मागितली, शब्दांत!

२० मे

नागपूरच्या त्या कॉलेजचं बोलावणं आलं. मी अर्ज केला होता हे फक्त आईला आणि मॅडमना माहीत. मुलाखत २२ जूनला सकाळी. पीएमटीसुद्धा २२ जूनलाच!

दोन्हींपैकी एक.

२१ मे

बाबांना नागपूरचं पत्र दाखवून सांगितलं. मुद्दाम मराठीत, वाक्य जुळवून जुळवून. "बाबा, मले डॉक्टर नाही व्हायचं. मले राधिका मॅडमसारखं व्हायचं हाय. लोकांचं बोलणं वापस आणायचं हाय."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. ओठ जुळवले. "नाई."

इतका स्पष्ट शब्द त्यांनी आजवर काढला नव्हता. आणि तो मीच घोटून घेतला होता — गाईच्या चित्रावर बोट ठेवून, "हे कुलूप व्हय का, बाबा?" रडावं की हसावं!

आई रात्रीचं पीठ मळताना म्हणाली, "त्याह्यच्या मनात बसलं हाय थे. तू काहून जीव जाळतं?"

नाही जाळत. पीएमटी देईन. ज्यांनी मला शाळेच्या पायरीवर नेऊन उभं केलं, त्यांची माझ्याकडे एकच मागणी उरली असेल तर ती मी पुरी करायला हवी. नागपूरला कळवायचं धाडस मात्र होईना. उद्या, परवा.

३० मे

सेंटरमध्ये गर्दी. मॅडम म्हणाल्या, जरा त्या आजींजवळ बस. अंजनाबाई, धमतरीकडच्या, लकव्यानंतर गप्प. सून हिंदीत विचारत होती, आजी भिंतीकडे पाहत होत्या. मी वांग्याचा पत्ता धरला. लहानपणी रेल्वे कॉलनीत खेळता खेळता जेवढी छत्तीसगढ़ी कानावर पडली, तेवढीच वापरली. "ये काय हे, दाई?"

किती वेळ गेला. मी थांबून राहिले. मॅडमकडून शिकले आहे ते.

"भां... टा," आजी म्हणाल्या. मग माझा हात धरून, "हव. भांटा."

सून पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी मागे वळले तर बाबा बाकावरून पाहत होते. आपल्या पाळीची वेळ झाली तरी उठले नव्हते.

घरी परतताना रिक्षात मध्येच म्हणाले, "भांटा!" आणि हसले. डिसेंबरनंतर पहिल्यांदा, आवाज काढून.

१० जून

अनंतराव काका आले. बाबांनी मला खुणेने चहा करायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ आत काहीतरी चाललं होतं. काकांचा आवाज मोठा — "भिलाई? नाही? दुर्ग? नाही? मंग सांग न बाप्पा!" चहा घेऊन गेले तर दोघेही गप्प, आणि बाबा घामाघूम.

विचारलं तर काका म्हणाले, "तू अभ्यास कर वं. मोठ्याईच्या गोष्टी हाये."

२१ जून

गाडीत लिहिते आहे. अक्षर हलतं आहे.

दुपारी उद्याच्या पीएमटीचं सेंटर पाहायला निघालो, नेहमीसारखे. आईही सोबत, पायाशी झाकलेली पिशवी. जयस्तंभ चौकात रिक्षावाल्याने विचारलं, "स्कूल जाना है ना, बाबूजी?"

"नाई," बाबा म्हणाले. मग ओठ जुळवून, एकेक शब्द उचलत — "भैया... टेसन... चलो."

हिंदी!

फलाटावर अनंतराव काका रेल्वेचा पास घेऊन उभे. माझ्याच नावाचा, नागपूरपर्यंत. "एक शब्द सांगाले अर्धा घंटा लावला तुह्या बापानं," म्हणाले. "तिथं नागपुरात इंदोऱ्याले मावशी उभी राहीन."

आईने पिशवी माझ्या हातात दिली: माझे कपडे, डबा आणि नागपूरचं पत्र. बाबा काठी टेकत डब्यात चढले. ऊन कोणत्या बाजूला येतं ते पाहिलं. फलाटावरचा नळ पाहिला. दुसऱ्या बाजूची खिडकी निवडली, सीटवरची धूळ डाव्या हाताने झटकली आणि मला बसवलं.