एकोणसाठ नंबरचे दोघे

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त अर्धाच समज. उरलेला तू आल्यावर.) तुझं प्रशिक्षण नीट चाललं असेल, वसतिगृहाच्या जेवणाची सवय झाली असेल आणि सर्दी गेली असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही मजेत आहोत. तुझी लेक मुंगी दोन वेळा जेवते, एक वेळ भांडते, आणि तुझी आठवण आली की दप्तर आवरायला घेते. दप्तर सध्या फार नीटनेटकं आहे.

आता गणिताचं. तिच्या वर्गाच्या बाईंचा तुला फोन गेला, तुझा मला आला, आणि त्यात तू म्हणालीस की गणितात पोरगी मामावर गेली. मी हे मनाला लावून घेतलेलं नाही. (दोन दिवस जेवण गेलं नाही ते कंबरेमुळे.) बाईंचं म्हणणं असं, की तोंडी सांगितलेले वीस आकडे लिहायचे होते, त्यातले अकरा चुकले. सोमवारी पुन्हा घेऊ, आणि तेव्हाही चुकले तर पालकांची सही घेऊन तिला याच वर्गात आणखी एक वर्ष बसवू. मी वही बघायला घेतली. वीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर आहे, डॉक्टरांचं अक्षर वाचतो, तिचं वाचायला कितीसा वेळ लागणार. पाच मिनिटांत निदान झालं. पोरीत काही बिघाड नाही, बिघाड आकड्यांच्या नावांत आहे. सत्तावीस म्हटलं की कानावर आधी सात पडतो आणि मागून वीस येतो, तिने ऐकलं तसं लिहिलं, ७२. एकोणसाठमध्ये साठ ढळढळीत ऐकू येतो, म्हणून ६९. आमचे डॉक्टर सांगतात की काही देशांत अकराला सरळ दहा-एक म्हणतात आणि तिथली पोरं मोजायला लवकर शिकतात. हे मी शाळेत जाऊन बाईंना ऐकवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "वर्गातली बाकीची बत्तीस मुलं याच भाषेत शिकतात." याला माझ्याकडे चोख उत्तर होतं. (ते फाटकाबाहेर आल्यावर सुचलं आणि घरी येईपर्यंत विसरलो, पण होतं.)

शाळा सुटली की मुंगी माझ्याजवळ दवाखान्यातच बसते, तेव्हा शिकवणीही तिथेच सुरू केली. आमच्याकडे पेशंटला नंबराचा बिल्ला देतात आणि मी नंबर पुकारतो. मंगळवारी मी एकोणसाठ पुकारला आणि दोघं उठले, ५९ वाली दाढेची बाई आणि ६९ वाले गुडघ्याचे आजोबा. आजोबा दाराजवळ होते, ते आधी पोचले. डॉक्टरांच्या हातात दाढेचा केसपेपर, त्यांनी तोंड उघडा म्हटलं. आजोबा मर्यादशील माणूस, त्यांनी उघडलं. त्यांच्या तोंडात एकही दात नाही हे लक्षात यायला डॉक्टरांना बराच वेळ लागला, आणि तोवर बाहेर दाढेच्या बाईने गाल धरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. (त्यात तूही आलीस.) मी मुंगीला म्हटलं, बघ, मोठ्यांचीही हीच गत होते. ती उठली, स्टुलावर चढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पाच दहा, नऊ." एकटी दाढेची बाई पुढे आली. त्या दिवसापासून पुकारा मुंगीकडे. घोटाळा नाही, धक्काबुक्की नाही. फक्त एका निवृत्त हेडक्लार्कनी हरकत घेतली. ते म्हणाले, "मी एक्काहत्तर आहे, सात दहा एक नाही," आणि भाषेच्या अभिमानापायी खोकत बसून राहिले. डॉक्टर जेवायला निघून गेले.

पण खरी गंमत पुढे आहे. गुरुवारी बाटल्यांना चिठ्ठ्या लावता लावता ती म्हणाली, "मामा, एकोण म्हणजे एक कमी. एकोणसाठ म्हणजे साठला पोचायला एकच राहिला." हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मग विचारते, "मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी तिला गोळी दिली. ताई, मला त्या वेळी फार बरं वाटलं, इतकं की मी खोकल्याच्या औषधावर पोटदुखीची चिठ्ठी लावली. (नंतर काढली.)

सोमवारी परीक्षा झाली. वीसपैकी अठरा. दोनांतला एक घाईने गेला आणि दुसरा नव्याण्णव, तो तिने अक्षरात मुद्दाम एकोणशंभर लिहिला. बाईंनी त्यावर लाल फुली मारली आणि मग वही हातात धरून बराच वेळ हसल्या. तेव्हा काळजी नसावी. तब्येतीला जप.

तुझा
धाकटा

ता.क. पत्र मुंगीने वाचलं आणि खरं लिही म्हणते. मंगळवारी माझ्या हातात ५९ चा केसपेपर होता आणि मी पुकारला एकोणसत्तर. आजोबा बरोबर उठले होते. बाई उठली ती पाळी तिची होती म्हणून.

ता.ता.क. परीक्षेच्या वेळी बाईंनी मला मागच्या बाकावर बसू दिलं. मीही लिहीत होतो. माझे वीसपैकी नऊ आले.

ता.ता.ता.क. त्याच वर्गात बसवायच्या सहीचा फॉर्म तुझ्याकडे आधीच टपालाने निघाला आहे. बाई म्हणतात, आता गरज नाही, पण पाया पक्का करायचा असेल तर आईने सही करावी. तुला पक्क्या पायाची हौस, म्हणून हे सगळं लिहायला बसलो. सही करू नकोस. बाबांनी माझ्या फॉर्मवर केली तेव्हा तू दारात उभी होतीस आणि याला येतं, मी याला शिकवीन, असं म्हणत होतीस. तू दहा वर्षांची होतीस, तुझं कोणी ऐकलं नाही. आता सही तुझी आहे.